चोचीतली अळी

मला अळ्यांची किळस वाटते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं फिरून त्या किळसेपाशीच येतं. लहानपणी गावी अंगावर सुरवंट पडला होता. मानेपासून कोपरापर्यंत गांधी उठल्या आणि आजीने घोंगडीने घासून घासून त्याचे केस काढले. त्या दुपारची आग अजून आठवते. पण सगळा दोष त्या सुरवंटावर टाकला तर ते खोटं होईल. शाळेत आयुष्यभर मी फुलपाखराचं जीवनचक्र फळ्यावर काढलं: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. रंगीत खडूने हिरवी अळी काढताना कधी शिसारी आली नाही. घरी येऊन मात्र कढीपत्त्यावरच्या त्याच अळ्या मी चपलेखाली चिरडत होते. या दोन गोष्टी एकाच बाईच्या हातून होत आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

साताऱ्यातलं आमचं घर जुनं आहे, मागे बऱ्यापैकी परसदार आहे. लिंबू, कढीपत्ता, पेरू, जास्वंद, कोपऱ्यात शेवगा. सासूबाईंच्या काळापासून परस आरशासारखा ठेवायची पद्धत. पडलेलं पान संध्याकाळपर्यंत राहिलं तर त्यांना चैन पडत नसे, आणि ती सवय मी आनंदाने उचलली. त्यांच्याकडे खराटा होता, मी त्यात फवारणीची भर घातली. दर महिन्याला पाठीवर पंप घेऊन एक गृहस्थ यायचे आणि लिंबापासून जास्वंदापर्यंत सगळं ओलं करून जायचे. पंपात काय असतं, हे मी कधी विचारलं नाही. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला नाही तर मला राग यायचा. स्वतःच्या परसात मी एकही प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतर भाच्याने त्याचा जुना कॅमेरा आणि ५५-२५० ची लेन्स मला दिली. "मावशी, तू लांब कुठे जाऊ नकोस, मागच्या दारात बस," असं म्हणाला. मला ते थोडं लागलं. पक्ष्यांचे फोटो म्हणजे भिगवणचे रोहित, मायणीचा तलाव, निदान कासच्या वाटेवरचं काहीतरी, अशी माझी समजूत. परसात काय, साळुंक्या आणि कावळे. तरी बसले.

पक्षी जवळ यावेत म्हणून सगळे करतात तेच मी केलं. बाजारातून प्लॅस्टिकचं दाणे घालायचं भांडं आणलं, पेरूला टांगलं, बाजरी आणि तांदळाची कणी भरली. चार-दोन चिमण्या आल्या, एकदा ठिपकेवाल्या मुनियांचा थवा आला आणि मी हरखून गेले. मग कबुतरं आली. ती आली ती गेलीच नाहीत. भांड्यावर, भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडे कबुतरं. चिमण्यांना ती टेकू देईनात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल मी नंतर वाचला. त्यात ज्यांची संख्या वाढते आहे अशा मोजक्या पक्ष्यांत कबूतर आहे आणि किडे खाऊन जगणारे पक्षी कमी होत चालले आहेत. आपल्या शहरांतून दाण्याच्या गोण्या रिकाम्या होतात त्या कोणासाठी, हे त्यावरून कळतं. मला मात्र तेव्हा एवढंच वाटायचं की मी इतकं घालते आणि तरी चांगले पक्षी येत नाहीत. "चांगले पक्षी" हा शब्द मी मोठ्याने वापरत होते.

खरं तर ते येत होते. शिंपी रोज जास्वंदात खुडबुडत होता. चष्मेवाल्यांची टोळी सकाळी लिंबावरून चिवचिवत जायची. तारेवर दयाळ गायचा. पण यांतला एकही माझ्या भांड्याकडे ढुंकून पाहत नव्हता आणि मला तो अपमान वाटायचा.

फोटोग्राफी मी एका बाजूने शिकत होते. भाच्याने फोनवर तीन गोष्टी घोटून घेतल्या. शटर १/१००० च्या खाली नेऊ नकोस, पक्षी क्षणभरही स्थिर नसतो. उभी राहून खाली रोखू नकोस, त्याच्या डोळ्याच्या पातळीला ये. आणि फोकस नेहमी डोळ्यावर. डोळा धारदार आला आणि त्यात उजेडाचा ठिपका दिसला की बाकीचं थोडं पुसट असलं तरी चालतं. तेव्हापासून मी फोटोत फक्त डोळा बघायला लागले. याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

एका एप्रिलमध्ये दयाळाच्या जोडीने आमच्या मागच्या दगडी भिंतीत घर केलं. पूर्वी तिथे एक पाइप होता, तो काढल्यावर भोक तसंच राहिलं होतं. दयाळ झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या बिळात, अशा तयार जागी घरटं करतो, त्यामुळे त्यांना ती जागा आवडली असावी. नर काळा-पांढरा, मादी त्याच नक्षीत पण राखी. काही दिवसांनी दोघांची ये-जा वाढली, तेव्हा आत पिल्लं आहेत हे कळलं. जवळ जाऊ नये एवढी अक्कल मला होती. माणूस घरट्याशी घुटमळला की कावळ्याला आणि भारद्वाजाला ती जागा कळते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी काढली, ओट्याशी स्टूल ठेवलं आणि आतल्या अंधारात बसून राहिले. भोकात शिरण्याआधी दोघंही समोरच्या वाळक्या फांदीवर एक क्षण थांबायचे, इकडेतिकडे बघायचे आणि मग झेप घ्यायचे. त्या एका क्षणासाठी मी सकाळभर बसत असे. दयाळाचा फोटो अवघड असतो. काळ्या पिसांत तपशील आणायला गेलं की पंखावरचा पांढरा पट्टा चुन्यासारखा सपाट होतो. मी एक्सपोजर थोडं उणे केलं आणि पांढरा सांभाळला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर लॅपटॉप उघडला. आनंदात होते. एकामागून एक फोटो मोठा करून डोळा तपासत गेले. हा धारदार, ठेवायचा. हा हलला, काढायचा. बऱ्याच वेळाने एका फोटोपाशी थांबले, कारण त्यात डोळा इतका सुरेख आला होता की पापणीची कडसुद्धा दिसत होती. तो पुरता मोठा केला. डोळ्याच्या खाली चोच होती आणि चोचीत एक हिरवी, मऊ, अर्ध्यात दुमडलेली अळी होती.

माझा पहिला विचार, खरं सांगते, फोटो खराब झाला असा होता. इतका सुंदर डोळा आणि खाली ते लोंबणारं. मी पुढचा फोटो उघडला. त्यात चोचीबाहेर कोळ्याचे पाय आले होते. पुढच्यात नाकतोडा. पुढच्यात मादी, तिच्या चोचीत तपकिरी पतंग, पंख एका बाजूला मोडलेले. मग पुन्हा अळ्या, एकदा तर चोचीत दोन आडव्या धरलेल्या. मग मी डोळे बघायचं सोडलं आणि काढून टाकलेले, हललेले, पुसट फोटोसुद्धा परत आणून फक्त चोची बघत गेले. एकाही चोचीत बाजरीचा दाणा नव्हता. तांदळाची कणी नव्हती. दिवसभर, सकाळच्या पहिल्या उजेडापासून, ती दोघं माझ्या दाण्यांच्या भांड्यावरून उडत जाऊन माझ्याच झाडांवरच्या अळ्या नेत होती.

एका फोटोतली अळी मी ओळखली. काळपट, मध्ये पांढरा डाग, ओलसर चकाकी. कढीपत्त्याच्या पानावर मी ती कितीदा पाहिली होती आणि पक्ष्याची घाण समजून पान पुसून टाकलं होतं. ती लिंबाळी फुलपाखराची अळी. लहान असताना ती विष्ठेसारखी दिसते ती पक्ष्यांनी खाऊ नये म्हणूनच. मोठी झाली की हिरवी होते. पक्ष्यांना फसवायला तिने घेतलेल्या रूपाने मी फसले आणि दयाळ फसला नाही.

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यात रविवारच्या चौकोनात माझ्याच अक्षरात "फवारणी" लिहिलेलं होतं.

त्या शब्दाकडे मी किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. पिल्लं आणखी आठवडाभर तरी भिंतीतच असणार होती. रविवारी पंप चालला असता, सोमवारी अर्धमेल्या अळ्या पानांवर लुळ्या पडल्या असत्या, पकडायला नेहमीपेक्षा सोप्या, आणि ती दोघं त्या नेऊन पिल्लांच्या तोंडात घालत राहिली असती. मी खिडकीत बसून त्याचे फोटो काढले असते. डोळा धारदार आला म्हणून खूश झाले असते.

मग मागचं आठवायला लागलं. आदल्या वर्षी शिंप्याने तगरीची दोन पानं कोळ्याच्या धाग्याने आणि कापसाने शिवून घरटं केलं होतं. पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास ते शांत झालं. मी बघायला गेले तर आत काही जिवंत नव्हतं. मी शेजारच्या मांजराला दोष दिला होता. मांजर पिल्लांना घरट्यात तशीच सोडून जाईल का, हा प्रश्न तेव्हाही पडायला हवा होता. आज मला कुठलीच गोष्ट खात्रीने म्हणता येत नाही, आणि ती शंका माझ्याबरोबर राहणार आहे. मी त्यांना दारात भिक्षा वाढत होते आणि मागून त्यांच्या शेतात विष ओतत होते.

सकाळी फवारणीवाल्या मामांना फोन केला. "या महिन्यात नको. पुढेही नको." ते म्हणाले, "बाई, मग लिंबू हाती लागायचं न्हाई." मी म्हटलं, "राहू दे." पहिल्यांदाच विचारलं, की पंपात काय असतं? ते म्हणाले, दुकानदार देतो ते. एवढं उत्तरही मला इतकी वर्षं मिळालं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मामांना मी दोष देत नाही. बोलावणारी मी होते.

त्यानंतर वाचत गेले. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना पहिले दिवस मऊ किडे आणि अळ्याच भरवते. दाणा टिपणाऱ्या सुगरणीचंही तेच. शिंजीर फुलातला मध पितो, पिल्लांना मात्र कोळी आणि किडे आणून देतो. म्हणजे मी ज्यांना दाणेवाले आणि मधवाले म्हणून वेगळं काढलं होतं, त्यांच्याही घरात पाळण्याच्या दिवसांत अळी लागतेच. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला चिमणी दिन पाळतात. त्या दिवशी आमच्या शाळेतही लाकडी घरटी आणि दाण्यांची भांडी वाटली जायची, मीच वाटायचे. त्या मुलांना मी घरटं दिलं. घरट्यातल्या पिल्लाला वाढवायला काय लागतं, ते सांगितलं नाही.

एक अमेरिकन अभ्यास मला बरंच काही सांगून गेला. वॉशिंग्टनच्या आसपासच्या घरांच्या अंगणांत चिकडी या चिमुकल्या पक्ष्यावर तो झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या अंगणात झाडोऱ्यातला स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांहून कमी, तिथे त्या पक्ष्यांची संख्या टिकण्याइतकी वीण होत नव्हती. बाहेरून आणलेल्या शोभेच्या झाडांवर तिथल्या अळ्या वाढत नाहीत, एवढंच कारण. अंगण हिरवंगार, फुलांनी भरलेलं, आणि पक्ष्यासाठी रिकामं. दुसरी गोष्ट अर्जेंटिनाची. तिथे १९९५-९६ च्या हंगामात उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले स्वेन्सन जातीचे ससाणे हजारोंनी मेले. शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं होतं आणि ते ससाणे नाकतोडे खात होते. तेच औषध आपल्याकडेही होतं. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ मध्ये बंदी आली. माझ्या पंपात ते होतं असं मी म्हणत नाही. पण किडा मारायला फवारलेलं किड्यापाशी थांबतं, ही माझी समजूत कुठून आली होती?

किळस मात्र गेली नाही, आणि गेली असं मी भासवणार नाही. त्या उन्हाळ्यात कढीपत्त्याचं झाड अळ्यांनी जवळजवळ बोडकं केलं. फोडणीला पानं मिळेनात. मी रोज तिथे जाऊन उभी राहायचे, हात शिवशिवायचे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर झाड पुन्हा फुटलं, आधीपेक्षा दाट. लिंबं थोडी कमी आली. मामा बरोबर होते.

झाडलोट थांबवणं फवारणी थांबवण्याहून अवघड गेलं. पेरूखाली पाचोळा राहू द्यायचा, हे सासूबाईंच्या फोटोकडे बघून मला करवेना. शेवटी निम्मा भाग झाडायचा आणि निम्मा सोडायचा असं ठरवलं. सोडलेल्या भागात सातभाई उतरायला लागले. कलकलाट करत एकेक पान उलथून खाली बघतात, हवं ते उचलतात आणि उलथलेलं पान तसंच टाकून पुढे जातात. त्यांचे फोटो काढायला मी पायरीवर पाट टाकून बसते, गुडघे दुखतात, पण पातळी जमते. पडवीच्या कोपऱ्यातल्या जळमटांचंही तसंच. दिवाळीआधी ती काढायला मी कुंचा घेतला होता, इतक्यात शिंजिराची मादी आली, हवेत पंख फडफडवत एका जागी थांबली आणि चोचीने तो धागा ओढून घेऊन गेली. तिचं लोंबतं घरटं त्याच धाग्यांनी बांधलेलं असतं. वर त्यात सालपटं आणि अळ्यांच्या विष्ठेचे कणसुद्धा गुंतवलेले असतात. मी ज्याला ज्याला घाण म्हणत होते ते सगळं त्या एका घरट्यात होतं. कुंचा मी तसाच परत नेला.

दाण्यांचं भांडं काढून टाकलं. त्या जागी मातीचं परळ आहे, दोन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत दगड. वर मडक्याला बारीक भोक पाडून वात घातली आहे, थेंब पडत राहतो. थेंबाच्या हालचालीने पक्षी येतात, नुसत्या साठलेल्या पाण्यापेक्षा लवकर. पाणी रोज ओतून परळ घासते, कारण डेंग्यूचा डास आठवडाभरात तयार होतो आणि ती जबाबदारी माझी. परळापासून हातभर अंतरावर एक वाळकी फांदी खोचली आहे. पक्षी आधी तिथे बसतो, आणि मागची भिंत लांब असल्याने ती फोटोत नुसती हिरवट होऊन जाते. नव्याने कॅमेरा घेतलेल्या कोणी मला विचारलं तर मी लेन्सबद्दल बोलायच्या आधी हे सांगते: पाणी, फांदी, मागे अंतर, आणि फवारणी बंद. आता फोटो मोठा केला की मी आधी चोच बघते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पावसाळ्यात आमच्या शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचे थरच्या थर बसतात. पूर्वी मी रॉकेलचा टेंभा लावून ते जाळायचे. ते फटफट फुटायचे आणि मला बरं वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते, पण बरं वाटायचं हे खरं. ज्याला आपण पावसाच्या थेंबासाठी तहानलेला समजतो तो चातक आफ्रिकेतून मोसमी पावसाबरोबर इकडे येतो आणि हे केसाळ सुरवंट आवडीने खातो. पावशाही खातो. इतर पक्षी ज्यांना शिवत नाहीत तेच त्यांचं खाणं. शिवाय चातकाची मादी अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यात, आणि सातभाई माझ्या पाचोळ्यात आहेतच.

म्हणून मी टेंभा लावत नाही. पण शेजारची लहान मुलं कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा काढायला येतात. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एकीचा हात सुजला. तिची आई माझ्याशी नीट बोलली, तरी मला जे सांगायचं ते तिने सांगितलं. माझ्या आजीची घोंगडी आता घरात नाही. आम्ही दोघींनी मिळून बुंध्याला मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत गोणपाट गुंडाळलं. त्यावर आलेले सुरवंट मी लांब काठीने काढून गरम पाण्यात टाकते, वरचे तसेच सोडते. खालचे मारायचे आणि वरचे ठेवायचे, हा हिशेब बरोबर आहे की नाही, मला ठरवता आलेलं नाही. मुलीच्या आईने विचारलं, "बाई, तो चातक आला नाही तर?" मी म्हटलं, "तर पुढच्या वर्षी पुन्हा बसून बोलू."